बिनखवल्यांचा साप: खरा असतो की नुसती व्हिडिओतली करामत?

कुर्टीकरीण:
नमस्कार मंडळी. इथे सापांतले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते. आम्ही फोंड्याला कुर्टीत राहतो. घरामागे कुळागर आहे, त्यामुळे साप मला नवे नाहीत. धामण तर पोफळींतून घरच्यासारखी फिरते, तिला कोणी काही करत नाही. पण मुलाने मोबाइलवर जो व्हिडिओ दाखवला तो बघून अंगावर काटा आला. केशरी रंगाचा साप, पाठीवर लाल डाग, एका बाईच्या मनगटाला विळखा घालून बसलेला, आणि अंगावर एकही खवला दिसत नाही. गुळगुळीत म्हणावा तर तसाही नाही, अंग वळवेल तिथे सुरकुत्या पडतात.

मुलगा म्हणतो हा स्केललेस कॉर्न स्नेक, परदेशात लोक पाळतात, आपणही आणूया. त्याचे बाबा म्हणतात हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं आणि सांगितलं की नुकतीच कात टाकली असणार. तिघांची तीन मतं, आणि निकाल द्यायचा मी!

असा साप खरंच असतो का? असला तर खवले गेले कुठे, आणि खवल्यांशिवाय तो सरपटतो कसा? साप आणायचा प्रश्नच नाही, ते मी मुलाला सांगून टाकलंय. पण तो काही विचारतो तेव्हा मला "गप बस" याच्या पलीकडे काहीतरी सांगता आलं पाहिजे.

माशेलवाला:
ताई, ती वाम असणार. मीठ-हळद-तिखट लावा, रव्यात घोळवा, सगळ्या शंका मिटतील.

वाळपईकर:
माशेलवाल्यांची भूक जागी झाली, आता कामाचं बोलू.

बाय, साप खरा आहे. मी हातात घेतलाय. माझा चुलतभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेला, आपल्याकडचे अर्धे लोक तिथेच असतात म्हणा. मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या शेजाऱ्याकडे असाच एक कॉर्न स्नेक होता. मी सत्तरीत लोकांच्या न्हाणीघरांतून, लाकडांच्या राशींतून साप काढतो. घोणस धरताना डोकं शांत असतं. पण हा बिनविषारी, माणसाळलेला साप मनगटावरून सरकला तेव्हा मला कसंसंच झालं. वर्षानुवर्षं हाताला खवल्याची सवय, आणि इथे लागतंय ते थेट मांस वाटावं असं. कानाची पाळी दोन बोटांत धरून बघा, बरोबर तसं. मऊ, किंचित सैल, कोरडं. हो, कोरडं. साप बुळबुळीत असतो हा समज खवले गेल्यावरसुद्धा खोटाच ठरतो.

आता सासूबाईंचं मत. कात टाकल्यावर खवले जात नाहीत. मासा साफ करताना सुरीने खरवडला की खवले एकेक सुटून उडतात, कारण माशाचा खवला हा कातडीत रुतलेला वेगळा, टणक तुकडा असतो. सापाचा तसा नाही. सापाचा खवला म्हणजे कातडीचीच घडी. वरचा भाग जाड, कडक झालेला आणि दोन खवल्यांमधली कातडी पातळ, आत दुमडलेली. सगळं एकाच कापडाचं. म्हणून तर कात सलग निघते. कात म्हणजे त्या कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर. तो गेला की खालचे खवले आणखी चकचकीत दिसतात.

ही घडी लक्षात घेतली की तुमचा व्हिडिओ समजायला सोपा जातो. त्या सापाची कातडी कोणी सोललेली नाही, ती पूर्ण आहे. पिल्लू अंड्यात असताना कातडीला घड्या पडून जे खवले व्हायचे, ते झालेच नाहीत. आपल्या धामणीने मोठा बेडूक गिळला की पोट फुगतं आणि खवले एकमेकांपासून लांब जातात, मधली पातळ कातडी उघडी पडते, बघितलं असेलच. त्या मधल्या कातडीनेच सगळी पाठ झाकलेली आहे असं समजा. पोट रिकामं असताना तिला ताण नसतो, म्हणून मानेशी, वळणाशी सुरकुत्या.

मुलाला एक काम द्या. व्हिडिओ जिथे साप पोट दाखवतो तिथे थांबवायला सांगा. कॉर्न स्नेक खवल्यांशिवाय जन्मला तरी पोटावरचे रुंद आडवे खवले, पट्टेच म्हणा, बहुतेक जागच्या जागी असतात. मी बघितलेल्या सापाला ते स्पष्ट होते, काळ्या-पांढऱ्या चौकटींसकट. पट्टे संपतात तिथे कडेला तुरळक सुटे खवले होते, वरच्या ओठावरही काही होते, पण सलग नव्हते. त्याच्या वर सगळी उघडी कातडी. म्हणजे 'बिनखवल्यांचा' हे नाव पाठीपुरतं खरं. सगळ्यांची तऱ्हा मात्र एकसारखी नसते, एकाच वेतातल्या दोन पिल्लांच्या अंगावर राहिलेले खवले कमी-जास्त असतात.

आणि तो सरपटतो तो याच पट्ट्यांवर. सापाच्या पोटावरचा एक पट्टा साधारणपणे पाठीच्या एका मणक्याला आणि बरगड्यांच्या एका जोडीला जुळलेला असतो. कॉर्न स्नेकला असे पट्टे दोनशेच्या आसपास किंवा जास्तच. बरगड्यांपासून पोटाच्या कातडीपर्यंत स्नायू आलेले असतात, ते कातडी पुढे ओढतात, पट्ट्याची मागची कड जमिनीला अडते आणि अंग पुढे सरकतं. २००९ मध्ये अमेरिकेत मिल्क स्नेकवर हे मोजलेलं आहे: पुढे सरकताना घर्षण सगळ्यात कमी, मागे आणि बाजूला जास्त. पोटाचे पट्टे गेले असते तर गोष्ट वेगळी होती.

रंगाचं म्हणाल तर तो खरंच जास्त भडक दिसतो. सापाच्या रंगाच्या पेशी कातडीच्या आतल्या थरात असतात, आणि वर खवल्याचा जाड कडक थर. तो थर नसला की लाल-केशरी सरळ डोळ्यांत भरतं. खवल्यांच्या कडांनी पडणारी जाळी नसते म्हणून डागांच्या कडा मात्र जरा फिसकटलेल्या वाटतात. डोक्यावरचे मोठे सपाट खवले नसल्याने चेहरा विचित्र, नको तितका कोवळा दिसतो. लोकांना तेच आवडतं बहुतेक. मला नाही आवडलं. डोळे मोठे आणि चेहऱ्याला कड नाही, काहीतरी अर्धवट राहून गेल्यासारखं.

खाजनवाला:
वाळपईकर, पोटाचे पट्टे नसले तर काय होतं ते आम्ही चोडणला दर पावसाळ्यात बघतो. मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराला, जाळं लावलं की कोळंबी आणि शेवटांबरोबर कधीतरी एक साप येतो. हातभर लांब, काळपट, त्यावर पांढुरके आडवे पट्टे, आणि कातडी दोन मापं मोठी घातल्यासारखी लोंबणारी. याला पण खवले नाहीत असं आमच्याकडे लोक म्हणतात. पाण्यात मस्त पोहतो. बांधावर टाकला तर जागच्या जागी पिळवटत राहतो, पुढे जाताच येत नाही. विषारी आहे काय हो तो?

वाळपईकर:
खाजनवाले, अगदी मोक्याचं उदाहरण दिलंत. तो फाइल स्नेक, बिनविषारी. पण जाळ्यातून काढताना लांब काठीनेच काढा, कारण त्याच खाडीत समुद्रसापही येतात आणि ते जहाल विषारी. ओळखायची सोपी खूण शेपटी: समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते आणि अगदी ठसठशीत दिसते. तरी शंका असेल तर विषारी धरून चालायचं.

त्याला खवले आहेत. भरपूर आहेत. पण बारीक, दाण्यासारखे, एकमेकांवर न चढणारे, आणि पोटावरही तसेच बारीक. मेलेला सापडला तर बोट फिरवून बघा, कानशीसारखा खरखरीत लागेल, इंग्रजी नाव त्यावरूनच. बुळबुळीत मासा वेटोळ्यात घट्ट धरायला ती खरखर कामी येते. पोटाला ते रुंद पट्टे नाहीत म्हणून जमिनीवर लंगडा. म्हणजे बघा, खवल्यांनी झाकलेला हा साप बांधावर अडकून पडतो आणि तो उघड्या पाठीचा परदेशी साप सोफ्यावरून सुळकन जातो. सगळा फरक पोटाचा.

कुर्टीकरीण:
वाळपईकर दादा, किती छान सांगितलंत. मुलाने व्हिडिओ थांबवून पोट बघितलं. पट्टे आहेत! त्याच्या बाबांनी पेपर तोंडापुढे धरलाय.

आता त्याचे पुढचे प्रश्न. सापाला पापणी नसते आणि डोळ्यावर खवला असतो असं त्याने वाचलंय. मग या सापाच्या डोळ्याचं काय? आणि खवले नसले तर अंगातलं पाणी उडून तो सुकून जाणार नाही का? हा प्रश्न माझाही आहे. कातडी उघडी म्हटल्यावर मला आधी तेच वाटलं.

वाळपईकर:
डोळ्यावरचं झाकण शाबूत असतं. सापाच्या डोळ्यावर असते ती पारदर्शक काच, आणि ती अंड्यात असताना पापण्या एकमेकींना जुळून तयार होते. पाठीवरचा खवला जसा घडी पडून होतो तशी ती होत नाही. म्हणून पाठ उघडी राहिली तरी डोळा झाकलेलाच. कात टाकायच्या आधी इतर सापांचे डोळे दुधाळ होतात तसेच याचेही होतात. शेजाऱ्याने त्याची जुनी कात दाखवली. पाठीची बाजू नुसती पातळ, जाळी नसलेली, आणि पोटाकडे मात्र पट्ट्यांच्या ओळी. तोंडाकडच्या टोकाला दोन गोल काचा. मी ती कात खिडकीशी धरून बराच वेळ बघत होतो, सापापेक्षा तीच मला जास्त पटली.

पाण्याचं उत्तर अनेकांना चुकीचं वाटेल. सुकत नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी हेच तपासलं. त्यांना खवले नसलेला एक गोफर स्नेक मिळाला होता, जंगली जातीचा, कोणी पैदास करून काढलेला नव्हे. त्याच्या अंगातून किती पाणी उडतं ते त्याच जातीच्या साध्या सापाबरोबर ताडून बघितलं. उघड्या सापाचं पाणी जास्त उडत नव्हतं. कारण पाणी अडवतो तो खवल्याचा जाडपणा नव्हे. वरच्या कातडीत स्निग्ध पदार्थांचा एक बारीक थर असतो, तो अडवतो. आणि तो थर उघड्या कातडीतही असतो.

मग खवला कशासाठी? घासण्या-खरचटण्यापासून बचावासाठी, हे पहिलं. जांभ्या दगडाच्या गडग्यातून नाग रोज आत-बाहेर करतो, त्या दगडावर आपला गुडघा घासला तर सालपट निघतं. काहींचं तर हत्यारच खवला. फुरशाच्या कुशीवरचे खवले तिरपे आणि करवतीसारख्या दात्यांचे असतात. वेटोळी एकमेकांवर घासून ते करकर आवाज काढतं. आमच्या सह्याद्रीतला खापरखवल्या शेपटीच्या टोकाच्या खडबडीत ढालीवर माती धरून बीळ बंद करतो. त्यांचे खवले काढून घेतले तर राहिलं काय?

पाळलेल्या सापाला गडगाही नाही आणि बीळही नाही. त्याला कागद अंथरलेली पेटी असते आणि मेलेला, आधी गोठवून मग कोमट केलेला उंदीर मिळतो. जिवंत उंदीर अशा सापापुढे सोडायचा नसतो, दात थेट कातडीत जातील. मी बघितलेल्या सापाच्या कुशीवर एक फिकट ओरखडा होता, पेटीतल्या लाकडाच्या तुकड्याने पडलेला. साध्या कॉर्न स्नेकला त्या लाकडाने काही झालं नसतं.

प्राणिशास्त्रवाला:
खवले का होत नाहीत यावर थोडी भर घालतो, मी म्हापशाला शिकवतो. केस, पीस आणि सरपटणाऱ्यांचा खवला या तिघांची सुरुवात गर्भात सारखीच होते: वरच्या कातडीत ठरावीक जागी एक बारीक जाडसर ठिपका उमटतो. हे जिनिव्हा विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं. त्यांच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन नावाचे ऑस्ट्रेलियन सरडे होते, त्यातले काही जन्मजात बिनखवल्यांचे. त्यांच्यात ईडीए नावाचं जनुक बिघडलेलं सापडलं. बिघडलेली एक प्रत आली तर खवले लहान होतात, दोन्ही आल्या तर खवले होतच नाहीत.

गंमत अशी की माणसातही हेच जनुक आहे. ते बिघडलं की केस विरळ, दात अगदी मोजके आणि घाम जवळजवळ नाही. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांना असं होत असल्याचं खुद्द डार्विनने १८७५ मध्ये नोंदवून ठेवलंय. उन्हाळ्यात त्यांचे हाल व्हायचे.

कॉर्न स्नेकचं काम त्याच गटाने २०२३ मध्ये पुढे नेलं. पोटाचे पट्टे कुठे यायचे ते गर्भातल्या स्नायू-मणक्यांच्या खंडांवरून ठरतं. पाठीचे खवले मात्र त्या पट्ट्यांपासून सुरू होऊन एकामागून एक रांगेने, कातडीतल्या रसायनांच्या आपसातल्या खेळातून उमटत जातात. दोन्ही कामांची यंत्रणा वेगळी असल्यामुळे एक बिघडली तरी दुसरी चालू राहू शकते. वाळपईकरांनी स्विंडनला पाठ उघडी आणि पोट झाकलेलं बघितलं, ते यामुळेच. वर्गात हे सांगताना मी पोरांना नेहमी विचारतो की बरगड्या आणि खवले एकाला एक जुळतात ते कसे. कोणाला सांगता येत नाही, मलाही २०२३ पर्यंत नीट येत नव्हतं.

टेरॅरियम_पणजी:
सगळ्यांनी मिळून पाळणाऱ्यांना खलनायक केलंत. स्केललेस कॉर्न व्यवस्थित खातात, वाढतात, पिल्लं देतात. सिल्कबॅक सरड्यांचे, म्हणजे त्या बिनखवल्यांच्या बिअर्डेड ड्रॅगनचे, हाल होतात हे मान्य, त्यांची कातडी फाटते, कात नीट निघत नाही. पण साप आणि सरडा एका मापाने मोजू नका. शिवाय ही माणसाने प्रयोगशाळेत केलेली करामत नाही. टेक्सासच्या रॅट स्नेकमध्ये, रॅटलस्नेकमध्ये असे साप रानातसुद्धा सापडलेत.

वाळपईकर:
खलनायक कोणी केलं नाही हो. रानात सापडतात हे खरंच, वर गोफर स्नेकचं मीच लिहिलंय. पण रानात एखादा सापडणं आणि बहीण-भाऊ जोडून मुद्दाम दरसाल पेट्या भरणं यात फरक आहे की नाही? आजच्या बिनखवल्यांच्या कॉर्नची ओळ तर शुद्ध कॉर्नचीही नाही, ग्रेट प्लेन्स रॅट स्नेकशी झालेल्या संकरातून ती आली. बॉल पायथनमध्ये तर जनुक एका बाजूने आलं की डोक्यावरचेच खवले जातात आणि दोन्ही बाजूंनी आलं की अंगावरचे. म्हणजे आधी टक्कल विकायचं, मग दोन टकली एकत्र आणून पूर्ण उघडा साप विकायचा. त्याचे पैसेही जास्त. हा धंदा आहे, त्याला धंदा म्हणा, मला अडचण नाही.

माझी अडचण वेगळीच आहे आणि ती इथली आहे. मी साप ओळखतो तो खवल्यांवरून. रात्री कोणाच्या तरी पोटमाळ्यावर काळा, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा साप असतो. मण्यार की कवड्या? एकाच्या चाव्याने माणूस झोपेत जातो, दुसऱ्याने काही होत नाही. पट्ट्यांवर विसंबलं तर फसायला होतं, मण्यारीचे पट्टे कधी कधी पुसटही असतात. मी टॉर्च मारून पाठीच्या मधल्या ओळीवर बघतो: तिथे मोठ्या, षटकोनी खवल्यांची रांग दिसली की मण्यार, सगळे खवले सारखे असले की कवड्या. घोणशीच्या खवल्यांवर मधोमध उभी धार, डोक्यावर बारीक बारीक खवले. धामणीच्या डोक्यावर मोठे सपाट. दवाखान्यात डॉक्टर विचारतात कोणता साप, तेव्हा मी जे सांगतो ते यातून येतं. आता कोणाच्या तरी पर्वरीतल्या फ्लॅटमधून असा उघडा साप सुटून गटारात गेला, तर तो ओळखायचा कशावरून? बघणारा पहिला दंडुका घालणार. आणि दंडुका चुकवून तो एखाद्या पोराच्या हाताला चावला तर चोवीस तास सगळ्यांच्या जिवाला घोर.

गोवावाला_वकील:
पाळण्याच्या गोष्टी चालल्यात म्हणून थोडक्यात. नाग, धामण, अजगर, मांडूळ, आपला कुठलाही साप घरात ठेवता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी जातींचं वेगळं. बॉल पायथन साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. कॉर्न स्नेक साइटिसमध्ये नाही, पण बाहेरून जिवंत प्राणी आणायला परवाना लागतोच. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.

कुर्टीकरीण:
सगळ्यांचे आभार. मुलगा सध्या आरशासमोर उभा राहून कोपराच्या सुरकुत्या बघतोय.

शेवटचा प्रश्न, रागावू नका. गेल्या पावसाळ्यात कुळागरात पाट साफ करताना मातीतून एक हातभरापेक्षा लहान, जांभळट तपकिरी प्राणी निघाला. साप म्हणावा तर खवले नाहीत, गांडूळ म्हणावं तर तोंड आणि जबडा आहे. कामाला आलेल्या माणसाने विषारी म्हणून मारून टाकला. आता वाटतंय, तोही असाच बिनखवल्यांचा साप होता की काय?

वाळपईकर:
नाही बाय. तुम्ही सांगताय त्यावरून ते देवगांडूळ असावं. तो साप नाही आणि गांडूळही नाही. बेडकाच्या नात्यातला, पाय नसलेला उभयचर. अंगभर कड्यांसारखी वळी, डोळे कातडीखाली गेलेले, आणि डोळा नि नाकपुडीच्या मधे एक बारीक स्पर्शिका, तिने तो मातीत चाचपत जातो. कातडी मात्र खरंच ओली आणि बुळबुळीत. सापाशी गल्लत करायची नसेल तर ही पहिली खूण, साप कोरडा असतो. दुसरा गोंधळ होतो वाळा या सापाशी, तो तर गांडुळाएवढाच असतो. पण वाळा चकचकीत दिसतो आणि भिंग लावलं तर अंगभर सारखे बारीक खवले दिसतात.

खवल्यांचा विषय निघालाच आहे म्हणून: बऱ्याच देवगांडुळांच्या त्या वळ्यांच्या खाचांत बारीक खवले लपलेले असतात, पण कातडी चिरल्याशिवाय ते दिसत नाहीत. माशासारखे, कातडीत रुतलेले. म्हणजे सापाच्या खवल्याशी त्यांचा संबंध नाही.

आणि हा प्राणी आपल्याकडचा खास आहे. २००७ मध्ये आमच्या सत्तरीतल्या केरीहून देवगांडुळाची एक नवीन जात नोंदवली गेली, शास्त्रीय नावातच गोवा आहे: गेगेनिओफिस गोआएन्सिस. त्याच वर्षी चोर्ल्याच्या बाजूची आणखी एक आली, तिला म्हादईचं नाव दिलंय. कुळागरात निघणारी सगळी याच जातींची असतील असं नाही, पण विषारी म्हणून मारण्यासारखं त्यांत काही नाही. गांडुळं, वाळवी, मातीतले किडे खातात.

यंदा पाट काढताना निघालं तर उघड्या हाताने चोळू नका, कातडी फार नाजूक असते. फावड्यावर थोड्या ओल्या मातीसकट उचला आणि पोफळीच्या बुंध्याशी जिथे झावळ्या कुजत पडलेल्या असतात तिथे सोडा. ऊन लागता कामा नये. कामाच्या माणसाला आधीच दाखवून ठेवा, म्हणजे तो कोयता उचलायच्या आधी तुम्हाला हाक मारील.

माशेलवाला:
आणि वाम मिळाली तर मला हाक मारा.